पंचवीस किलोचा गुरू

मेतोदी मास्तरांनी गुरू ग्रह सोसायटीच्या तळघरात ठेवला तिथेच घोळ झाला, असं त्यांची बायको नेवेना म्हणते. शाळेच्या मुख्याध्यापिका लोझानोवाबाईंचं मत वेगळं. त्यांच्या मते गुरू पंचवीस किलोचा करायलाच नको होता. तळमजल्यावरचे रांगेलदादा म्हणतात, घोळबिळ काही नाही, कोबी मात्र यंदा झकास मुरला. मास्तरांचं मत अजून कुणी विचारलेलं नाही. लिपोवित्सा गावात पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचं मत विचारायची पद्धतच नाही.

प्रकरणाला तोंड फुटलं ते लोझानोवाबाईंच्या खोलीत.

“ड्रागोव सर, तुमची प्रयोगशाळा केवढी मोठी आहे हो!” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक एखाद्या खोलीला मोठी म्हणाले की ती खोली गेली म्हणून समजावं. मास्तर काही कालचे नव्हते.

“केशरचनेचा वर्ग सुरू करायचाय,” बाई पुढे म्हणाल्या. “मुली रांग लावून उभ्या आहेत. त्यांना आरसे लावायला भिंत हवी. तुमच्या भिंतींवर नुसते ग्रह.”

“मग ग्रह काढून आरसे लावायचे?”

“मी कुठे म्हणाले? नोव्हेंबरअखेरीस, संत क्लिमेंटच्या दिवशी, जिल्ह्याहून समिती येणार आहे. त्यांना काहीतरी करून दाखवा. पाठ नको, फळा नको, हाताला लागेल असं काहीतरी. आवडलं तर खोली तुमची.”

“आणि नाही आवडलं तर?”

“तर तुम्हाला व्यायामाचे तास देऊ. तुमची तब्येत अजून छान आहे.”

मास्तरांनी उभी हयात त्या खोलीत घालवली होती. तिथल्या कपाटातल्या काचेच्या नळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेल्या होत्या, आणि पडदे नेवेनाने शिवलेले होते. लग्नातल्या टेबलक्लॉथचे. पेन्शनला थोडाच काळ उरला असताना आता शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना मैदानाभोवती पळवायचं, ही कल्पना त्यांना सहन होईना. घरी येऊन ते जेवले नाहीत. नेवेनाने विचारलं तेव्हा म्हणाले, “मला न्हावी खाणार आहेत.” ती म्हणाली, “आधी सूप खा, मग न्हाव्यांचं बघू.”

मास्तरांच्या आयुष्यात एक जुनं दुखणं होतं. वस्तुमान आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना सांगितलं होतं. वस्तुमान म्हणजे वस्तूत माल किती आहे ते. तो कुठेही न्या, तेवढाच राहतो. वजन म्हणजे त्या मालाला ग्रह किती जोराने ओढतो ते. ग्रह बदलला की ओढ बदलली. इतकी साधी गोष्ट. पण मुलं परीक्षेत लिहायची की वस्तुमान म्हणजेच वजन, फक्त जरा अवघड शब्दात. पुढे ती मुलं मोठी होऊन मटणवाले, नर्स, नगरपालिकेचे कारकून झाली आणि तरीही तेच म्हणत राहिली. एकाने तर आमदारकीला उभं राहून भाषणात तेच सांगितलं आणि निवडून आला.

त्या दिवशी सूप खाता खाता त्यांची नजर बाल्कनीतल्या डब्यावर गेली. पांढऱ्या चीजचा चौकोनी पत्र्याचा डबा. गावात असं एकही घर नाही जिथे हा डबा नाही. हिवाळ्यासाठी चीज डब्याने घ्यायचं, ते संपलं की त्याच डब्यात कुणी फुलझाडं लावतं, कुणी चुना कालवतं, कुणी खिळे ठेवतं. मास्तरांनी चमचा खाली ठेवला. चार डबे. अगदी एकसारखे. चारही डब्यांवर एकच चिठ्ठी : ‘वस्तुमान १० किलो’. खाली ग्रहाचं नाव. पृथ्वीचा डबा भरायचा दहा किलोचा, म्हणजे हाताला दहा किलो लागतील. तोच माल चंद्रावर उचलला तर हाताला जेमतेम पावणेदोन किलो लागेल, म्हणून चंद्राचा डबा पावणेदोनचा. मंगळाचा पावणेचारचा. आणि गुरूचा पंचवीसचा. समितीने एकेक डबा उचलायचा. बोलायचं काही नाही. हातच सांगेल.

“नेवेना,” ते म्हणाले, “मी सूर्यमाला भरणार आहे.”

“भर,” ती म्हणाली. “पण माझ्या जिरॅनियमचा डबा घ्यायचा नाही.”

डबे जमले. वाळू सोसायटीसमोर पडलेलीच होती. नगरपालिकेने रस्ता दुरुस्त करायला टाकली आणि मग रस्ता विसरली. मास्तर फावडं घेऊन अंगणात उतरले तशा सोसायटीच्या सेक्रेटरी त्सोंकाबाई वरच्या खिडकीतून ओरडल्या.

“मास्तर! ती वाळू सोसायटीची आहे!”

“नगरपालिकेची आहे, त्सोंकाबाई.”

“नगरपालिकेने कुणासमोर टाकली? आमच्यासमोर. म्हणजे कुणाची झाली? परवानगीसाठी मीटिंग घ्यावी लागेल. मीटिंगला कोरम लागतो. कोरम होत नाही म्हणून तर पुढचं दार हळू मिटवणारं यंत्र दोन वर्षं बंद आहे.”

तेवढ्यात रांगेलदादा आले आणि उकिडवे बसले. रांगेलदादा म्हणजे रिटायर झालेले ट्रक ड्रायव्हर. सगळा देश त्यांनी मालासकट पालथा घातलेला, त्यामुळे वजनाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं म्हणणं. ते मास्तरांच्या हातून चंद्राचा डबा घेऊन हलवून पाहू लागले.

“हा तर रिकामाच.”

“रिकामा नाही. वाळू आहे थोडी.”

“थोडी म्हणजे रिकामाच की. आणि वर लिहिलंय दहा किलो. मास्तर, आमच्या काळी असं लिहिणाऱ्याला आत टाकायचे.”

“रांगेलदादा, माल दहा किलोच समजा. चंद्र त्याला कमी ओढतो, इतकंच.”

“आणि हा गुरू?”

“त्यातही माल दहाच. गुरू जास्त ओढतो, म्हणून पंचवीस लागतात.”

रांगेलदादांनी टोपी मागे सारून डोकं खाजवलं. “मग भाडं कशावर लावायचं? मालावर की ओढण्यावर?”

मास्तर फावडं टाकून उभे राहिले. एवढ्या वर्षांत इतका शहाणा प्रश्न त्यांना एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

“मालावर, रांगेलदादा! माल सगळीकडे तोच. ओढण्याचं भाडं नाही.”

“मग ठीक,” रांगेलदादा म्हणाले. “मालाला माल. हे पटलं मला.”

मास्तरांना त्या रात्री शांत झोप लागली. निदान एक माणूस तरी शिकला, असं त्यांना वाटलं. तो एक माणूस शिकला नसता तर फार बरं झालं असतं, हे कळायला अजून वेळ होता.

आता लिपोवित्सात भर दिवसा, अंगणात, एक पदवीधर माणूस चीजच्या डब्यांत वाळू भरतोय आणि वर डाख देऊन झाकणं बंद करतोय, यावरून लोकांनी काय समजायचं? मास्तर चीज विकतात आणि तळाशी वाळू घालतात, असा समोरच्या बिल्डिंगने समज करून घेतला. कुणीतरी निनावी कळवलं. त्सोंकाबाई आजही शपथेवर सांगतात की त्यांनी नाही. त्यांना कुणी विचारलेलं नसतानाही सांगतात.

अन्नखात्याच्या बाई आल्या त्या थेट काटा घेऊनच. तळघरात चारही डबे ओळीने ठेवलेले. बाईंनी चंद्र काट्यावर ठेवला.

“चिठ्ठीवर दहा किलो. काट्यावर पावणेदोन. उरलेलं कुठे गेलं?”

“कुठेच गेलं नाही,” मास्तर म्हणाले. “चंद्रावर हा दहा किलोचाच आहे.”

“आपण चंद्रावर आहोत का?”

“नाही, पण—”

“चंद्रावर नेऊन विकता?”

“विकत नाही हो! हे चीज नाही.”

“मग डबा चीजचा का?”

बाईंनी गुरू उचलून पाहायचा प्रयत्न केला, तो जागचा हलला नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा आदर आला. “हा मात्र तुम्ही गिऱ्हाइकाला जास्त देता,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यांना वस्तुमान समजावलं. शाळेतली तागडी चंद्रावर नेली तर तिथेही दोन्ही पारडी सारखीच राहतील, कारण चंद्र दोन्ही बाजूंना सारखाच कमी ओढेल, पण स्प्रिंगचा काटा मात्र कमी दाखवेल, हेही सांगितलं. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं. मग चारही डब्यांवर चार लाल पट्ट्या चिकटवल्या : ‘खाण्यासाठी नाही’. “आता आमची जबाबदारी संपली,” म्हणाल्या आणि गेल्या.

तीन डबे शाळेत पोचले. गुरू दारातच अडला. लोझानोवाबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं.

“सर, शाळेत मुलांनी बारा किलोच्या वर उचलायचं नाही. गुरू बाराचा करा.”

“बाई, गुरूवरची ओढ मी ठरवलेली नाही.”

“पण डबा तुम्हीच भरलाय ना? मग थोडी वाळू काढा. कुणाला कळतंय?”

“हाताला कळतं. बारा केला तर तो गुरू राहणार नाही.”

“मग काय राहील?”

“खोटं राहील,” मास्तर म्हणाले. खोली जाईल या भीतीपेक्षा ही वाळू काढायची कल्पना त्यांना जास्त झोंबली होती. आयुष्यात त्यांनी बढती मिळवली नाही, पैसा केला नाही, मुलगा ऑस्ट्रियात जाऊन सणासारखा वर्षातून एकदा फोन करतो तेवढ्यावर समाधान मानलं. पण पंचवीसला बारा म्हटलं नव्हतं.

बाईंनी सुस्कारा सोडला. ठरलं असं की गुरू समितीच्या दिवशीच शाळेत आणायचा, मोठ्या माणसांनीच उचलायचा, तोवर तो शाळेच्या आवारात नको. घरी चौथ्या मजल्यावर चढवायचा तर लिफ्ट बंद. म्हणून गुरू परत तळघरात गेला. ताठ मानेची किंमत अशी तळघरात जाऊन मोजावी लागते.

तळघरात त्या दिवसांत काय चाललेलं असतं ते सांगायला हवं. नोव्हेंबर म्हणजे कोबी आंबवायचा महिना. प्रत्येक घराचं एक पिंप. त्यात कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडवायचे, वर आडव्या काठ्या आणि काठ्यांवर जड दगड. दगड हलका पडला की गड्डे वर येतात, वर आले की सडतात, सडले की हिवाळाभर घरात भांडणं. रोज नळाने खालचं पाणी काढून वर ओतायचं, नळीने फुंकर मारून बुडबुडे काढायचे. या बाबतीत रांगेलदादांचा शब्द तळघरात शेवटचा. त्यांचा दगड नदीचा होता, काळा, गुळगुळीत, सासऱ्यांनी दिलेला. तो त्या वर्षी नाहीसा झाला. कुठे गेला? तर पुढच्या दाराचं यंत्र बंद, दार धाडकन आपटतं म्हणून त्सोंकाबाईंनी तो दाराला लावला होता. आणि एकदा दाराला लावलेली वस्तू सोसायटीची. ती काढायची तर मीटिंग, आणि मीटिंगला कोरम.

समितीच्या आदल्या दिवशी रांगेलदादांचे गड्डे वर आले.

त्यांनी तळघरात इकडेतिकडे पाहिलं. पाहतात तर कोपऱ्यात गुरू. चांगला पंचवीस किलो ओढणारा, झाकण डाख देऊन पक्कं केलेला. त्यांनी जिन्यातून वर हाक मारली, “वहिनी, मास्तरांचा डबा घेऊ का जरा?” नेवेना मालिका बघत होती. कुणीतरी काहीतरी मागतंय एवढंच तिला कळलं. “घ्या, घ्या,” ती म्हणाली.

पण रांगेलदादा इमानी माणूस. नुसता उचलून न्यायचा म्हणजे चोरीच. त्यांच्याकडे सुनेच्या गावाहून आलेला मेंढीच्या चीजचा डबा होता. त्यांनी तो काट्याला लावला. थोडा जास्त भरला, म्हणून वाडगाभर चीज काढून घेतलं. बरोबर दहा किलो केला. मग गुरूवरची चिठ्ठी आणि लाल पट्टी किटलीच्या वाफेवर धरून हळूच सोडवली आणि आपल्या डब्यावर नीट चिकटवली. दहा किलो माल घेतला, दहा किलो माल ठेवला. मालाला माल. ओढण्याचं भाडं नाही, हे मास्तरांनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लग्नातला सूट घालून खाली आले. रांगेलदादांनी आपली जुनी गाडी काढलेली. “तुम्ही हात लावू नका मास्तर, सूट आहे,” असं म्हणत त्यांनीच डबा गाडीत ठेवला, त्यांनीच शाळेत उतरवला, त्यांनीच टेबलावर मांडला. मास्तरांनी फक्त चिठ्ठी वाचली. चिठ्ठी बरोबर होती. माणसाला सूट चढला की तो चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, डब्याला हात लावत नाही.

समितीचे प्रमुख होते कुर्तेव. तरुणपणी भारोत्तोलनात त्यांनी देशासाठी पदक आणलेलं. मान नव्हतीच, डोकं सरळ खांद्यांवर. पदक मिळालं म्हणून शिक्षण खात्यात लावलेलं, आणि तिथे त्यांनी आजवर एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे खुर्ची उबवणं. बरोबर दोघीजणी होत्या, एक लिहून घेणारी आणि एक मान डोलावणारी.

मास्तर म्हणाले, “मी काही बोलणार नाही. आपण उचलून पाहा.”

मान डोलावणाऱ्या बाईंनी चंद्र उचलला आणि तो इतक्या अलगद वर आला की त्या “अगं बाई!” असं म्हणून हसल्या. मग मंगळ. मग पृथ्वी. त्यांनी परत चंद्र उचलला, परत पृथ्वी. “म्हणजे मी तिकडे गेले तर हलकी होणार?”

“वजनाने, बाई. वस्तुमान तेवढंच राहील.”

“तेवढंच?” त्या जरा हिरमुसल्या, पण त्यांना कळलं होतं. खरंच कळलं होतं. मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. असा चेहरा पाहायला माणूस शिक्षक होतो, आणि मास्तरांना तो फार वर्षांनी दिसला. लोझानोवाबाईसुद्धा खिडकीच्या पडद्यांकडे बघून म्हणाल्या, “पडदे छान आहेत हो, कुणी शिवले?”

“आता गुरू,” मास्तर म्हणाले. “जपून. पंचवीस आहे.”

कुर्तेवांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. फळ्याखालचा खडू घेऊन तळव्यांना चोळला. पाय फाकवले, बसले, दोन्ही हातांनी डबा धरला, छाती भरून घेतली, आणि पदक मिळालं त्या दिवशी मारला असेल तसा हुंकार मारून ताकद लावली.

डबा सरळ वर गेला, दिव्याच्या शेडला लागला, झाकण उघडलं, आणि कुर्तेवांच्या डोक्यावरून खारं पाणी वाहायला लागलं.

कुर्तेवांनी डबा डोक्यावर तसाच तोलून धरला, एकदा वर, एकदा खाली.

“दहा,” ते म्हणाले.

“पंचवीस,” मास्तर म्हणाले.

“गुरुजी, मी आयुष्यभर लोखंड उचललंय. हे दहा आहे. पृथ्वीइतकंच.”

मास्तरांनी स्प्रिंगचा काटा आणला. काट्याने जेमतेम दहा दाखवले. मास्तर म्हणाले काटा बिघडलाय. मग तागडी आणली, एका पारड्यात दहाचं माप ठेवलं. पारडी जवळजवळ सारखी झाली. ज्या माणसाने जन्मभर मुलांना ‘काट्यावर विश्वास ठेवा’ असं सांगितलं, तो आता तागडीला खोटं म्हणत होता आणि डबा तोलता तोलता त्याचा सूट खाऱ्या पाण्याने चिंब झाला होता. तेवढ्यात कुर्तेवांनी ओठांवरचं पाणी चाटलं.

“मेंढीचं आहे,” ते म्हणाले.

त्यांनी डब्यात बोट घातलं. लोझानोवाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. “सर, गुरूवर हे असतं?”

“माझं आहे!” दारातून रांगेलदादा पुढे आले. प्रयोग बघायला ते थांबलेच होते. “सुनेच्या गावचं. खा की, लाजता काय?”

“रांगेलदादा, माझा गुरू कुठे आहे?” मास्तरांनी विचारलं.

“कोबीवर. मी अदलाबदल केली. माल दहाचा दहा. तुम्हीच म्हणालात ना, ओढण्याचं काही नाही?”

“चला,” मास्तर समितीला म्हणाले, “खरा गुरू आमच्या तळघरात आहे. दहा मिनिटांचा रस्ता. उचलून तरी पाहा!”

“तळघरात कुठे?” लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन टेकवलं.

“कोबीच्या पिंपावर.”

बाईंनी पेन मिटलं. संताचा दिवस होता, लोझानोवाबाईंच्या कपाटात राकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची, बाटली होती, शिपायाने पाव आणला. ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहिलेल्या डब्याभोवती समिती बसली आणि खायला लागली. असं चीज गेल्या कित्येक वर्षांत खाल्लं नाही, असं कुर्तेव परत परत म्हणाले. रांगेलदादा सुनेच्या माहेरच्या गोष्टी सांगत होते. मास्तर पृथ्वीच्या डब्याशेजारी उभे होते. त्यांच्याकडे कुणी ग्लास सरकवला नाही. त्यांना सगळ्यांत जास्त राग आला तो याचा, की चीज खरोखर उत्तम होतं, वास सगळ्या खोलीभर पसरला होता आणि सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

“इथे गॅसची जोडणी आहे का?” मान डोलावणाऱ्या बाईंनी विचारलं.

“आहे. प्रयोगांसाठी,” मास्तर म्हणाले.

“आणि पाण्याचे नळ? टेबलाटेबलाला?”

“हो.”

बाईंनी कुर्तेवांकडे पाहिलं. कुर्तेवांनी घास गिळला आणि डोकं हलवून होकार दिला.

केशरचनेचा वर्ग झाला नाही. न्हावी हरले, एवढं मास्तरांच्या वाट्याला आलं. तिथे स्वयंपाकाचा वर्ग झाला. गॅस, पाणी, टेबलं, सगळं तयारच होतं, समितीने खास शेरा मारला की खोलीचा असा वापर सुचवल्याबद्दल ड्रागोव सरांचं कौतुक. ग्रह उतरवले आणि भिंतीवर मटणाच्या तुकड्यांचा तक्ता लावला. नेवेनाचे पडदे ठेवले, स्वयंपाकघराला शोभतात म्हणून. मास्तरांना व्यायामाचे तास मिळाले आणि आठवड्यातून एक तास होतकरू आचाऱ्यांना मापं शिकवण्याचा. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, “सर, किलो म्हणजे वजन ना?” मास्तर म्हणाले, “हो.”

त्यांनी तसं म्हटलं खरं. मी त्यांच्यावर आरोप करत नाही. शिट्टी गळ्यात असली की माणूस वाद घालत नाही.

इकडे तळघरात गुरू आपलं काम चोख करत होता. रांगेलदादांचे गड्डे जसे दबले तसे बिल्डिंगमध्ये कुणाचे दबले नव्हते. नव्या वर्षाला त्यांनी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेले रोल भरून ताटली चौथ्या मजल्यावर पाठवली. मास्तर म्हणाले, मी खाणार नाही. मग एक खाल्ला. मग ताटली पुसून संपवली आणि नेवेनाकडे पाठ करून बसले. तिने ताटली धुतली आणि त्यांच्या खांद्यावर ओला हात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

पुढच्या वर्षी कोबीचे दिवस आले तशी मास्तरांच्या दारावर थाप पडायला लागली. तिसऱ्या मजल्याला गुरू हवा होता. समोरच्या बिल्डिंगला दोन. कुणी शनी मिळेल का असं विचारलं, तो जरा स्वस्तात बसेल का म्हणून. मास्तर आधी नाही म्हणाले, मग फावडं घेऊन अंगणात उतरले. वाळू अजून तिथेच होती. ते प्रत्येक डबा काट्यावर पंचवीसचा पुरा भरत, डाख देत, आणि फळ्यावर लिहायचे त्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवत. तेवढं तरी खरं राहू दे, असं त्यांच्या मनात होतं.

शेवटी त्सोंकाबाई खाली आल्या. दाराला लावलेला रांगेलदादांचा दगड काही त्यांनी सोडला नव्हता.

“मास्तर, मलाही एक गुरू द्या. पण बाराचा करा बरं का. माझी कंबर.”

मास्तर फावडं हातात धरून उभे राहिले. वर बाल्कनीत नेवेना जिरॅनियमला पाणी घालता घालता थांबली. रांगेलदादा पायरीवर बसले होते. त्यांना काय आठवलं कुणास ठाऊक, ते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

“बाराचा गुरू होत नाही, त्सोंकाबाई,” मास्तर म्हणाले. पण हळू म्हणाले.

“का होत नाही? वाळू काढली की झाला. कोबीला काय कळतंय?”

मास्तरांनी डबा वाकडा केला. वाळू ढिगावर परत पडायला लागली. बराच वेळ पडत राहिली. काट्यावर बारा झाले तेव्हा त्यांनी डबा सरळ केला, झाकणाला डाख दिला आणि चिठ्ठीवर वळणदार अक्षरात ‘गुरू’ लिहिलं.

“आणि वर ते दहा किलोचं लिहा की,” त्सोंकाबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्या डब्यांवर आहे.”

मास्तरांनी तेही लिहिलं.

त्सोंकाबाईंनी डबा एका हाताने उचलून पाहिला. “आता कसा, बरोबर झाला,” त्या म्हणाल्या आणि तळघराकडे निघाल्या.